पेपरवेटचा चहा

आमच्या ऑफिसातल्या चहाच्या पातेल्याचा तळ कुणी नीट घासत नाही, त्यामुळे तिथं थरावर थर साठलेत. किश्शांचंही तसंच झालंय बघा! एक खरवडायला जावं तर खालचे चार वर येतात. आजचे सगळे मात्र एकाच चहाचे आहेत.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातली चार वाजताची मंडळी. मी सॅम्पल डिपार्टमेंटला. अकाउंट्सला यास्मिन, डिस्पॅचला वळसंगचा बिराजदार, आणि मागावरचे आमचे जुने मास्टर राजेशम काका. काका शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले, काम पिढीजात. वय सदुसष्ट. मालक त्यांना सोडत नाहीत आणि ते मागाला सोडत नाहीत.

तर या काकांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद केला. काकांनी चहा सोडला, आणि त्याबरोबर आमच्यात येऊन बसणंही सोडलं! मी बोलवायला गेले तर काका म्हणाले, "रिकाम्या हातानं बसायला मी काय सुपरवायझर हाय व्हय?"

चार वाजता त्यांची रिकामी खुर्ची बघून भजी गोड लागेनात. खरंच सांगते, फार वाईट वाटायचं.

* * *

माझ्या टेबलावर डिझाइनचे कागद उडू नयेत म्हणून एक वजन होतं. एका परदेशी गिऱ्हाइकानं भेट दिलेलं, कागदात गुंडाळलेलं, भाकरीएवढं गोल. त्यांच्याकडची काहीतरी शोभेची वस्तू असेल, असं समजून आम्ही ते कधी उघडलंच नाही. दोन उन्हाळे ते माझ्या पंख्याखाली बसून होतं.

मग दुसरा एक पाहुणा आला. त्यानं टॉवेल बाजूला ठेवले आणि त्या वजनाचाच वास घेत बसला. म्हणाला, हा चहा आहे! आंबवलेला, दाबलेला, वर्षानुवर्षं मुरवलेला. याला दूध लागत नाही, साखर लागत नाही.

बिराजदारनं स्क्रू ड्रायव्हरनं एक टवका काढला, मी उकळतं पाणी ओतलं आणि काकांना हाताला धरून आणलं. काकांनी एक घोट घेतला आणि कप नाकाशी नेला. मग म्हणाले, "हातमागाच्या खड्ड्याचा वास हाय की ह्याला. आमचे वडील पाय सोडून बसायचे, त्या खड्ड्याचा."

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आत काका खुर्चीत! "पोरी, ते पेपरवेट आण."

* * *

पेपरवेट संपत आलं तशी आमची झोप उडाली. ते संपलं की काका पुन्हा उठून जाणार! खऱ्या जुन्या चहाचे भाव बघितले तर सराफाच्या दुकानातले. आणि आमचं बजेट म्हणजे भज्यांची वर्गणी, तीही यास्मिनच्या मुठीत.

मी ऑनलाइन शोधून तशाच दाबलेल्या चहाची एक स्वस्त वडी मागवली. 'अस्सल तीस वर्षं जुनी'! पार्सल आल्यावर यास्मिननं ती उलटीपालटी करून बघितली.

"तीस साल पुरानी चाय, हौर उसपे क्यूआर कोड? ताई, नक्को. वापस करो."

* * *

या चहाची एक रीत आहे. पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्यापासून प्यायचं. बिराजदार एक टवका घरी घेऊन गेला आणि आईसमोर पहिलं पाणी मोरीत ओतलं.

आई म्हणाली, "आरं, वतायचाच हुता तर केला कशाला?"

"आई, पयल्या पाण्यानं चा धुतात."

"मग साबण लावायचा की!"

* * *

बिराजदार काही हार मानणारा नाही. म्हणाला, "ताई, आंबवायचंच हाय ना? आमी दरसाल मुरघास करतोच की." मुरघास म्हणजे हिरवा चारा पिशवीत दाबून, हवा बंद करून आंबवायचा. यानं साधा चहा आणला, गुळाचं पाणी शिंपडलं, पिशवीत तुडवला आणि गोठ्यात ठेवून दिला.

महिन्याभरानं पिशवी उघडली. घरातलं कुणी जवळ जाईना. पण म्हैस दावं तोडून आली आणि अर्धी पिशवी फस्त!

"न्हाय म्हणजे, लई आवडीनं खाल्ली," बिराजदार सांगत होता.

यास्मिन म्हणाली, "लोक चहात दूध घालतात. तू डायरेक्ट म्हशीत चहा घातलास!"

* * *

उरलेलं पेपरवेट काका जपून ठेवतो म्हणून घरी घेऊन गेले. काकूंनी ते आणखी जपून ठेवलं, शेंगा चटणीच्या डब्यात! या चहाला शेजाऱ्याचा वास लगेच लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकांनी घोट घेतला, जरा विचार केला.

"वाईट न्हाय. पण ह्यावर भाकरी पायजे."

* * *

शेवटी मार्ग काढला यास्मिननंच. वय विचारायचं नाही, वेष्टणाचे पैसे द्यायचे नाहीत. आधीच आंबवून पिकवलेल्या वड्या फोडताना जो चुरा पडतो, तो मागवायचा. आधी चिमूट चिमूट नमुने घ्यायचे, कच्चा वास जाईपर्यंत मडक्यात उघडे ठेवायचे आणि काका ज्याला मान हलवतील तो घ्यायचा. काकांनी सगळ्यात स्वस्त चुऱ्याला मान हलवली. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या!

त्या विक्रेत्यानं ऑफरमध्ये एक कच्ची वडीही पाठवली. कडू जहर. काका म्हणाले, "ही मला द्या."

"काका, ये कच्ची है. पंधरा साल मुरवावी लागेल."

"लागू देत की."

एरवी आम्ही अशा बोलण्यावर खदाखदा हसतो. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी मनात सदुसष्टात पंधरा मिळवले.

आता सोलापुरात चहा मुरवायला ओल कुठून आणायची? इथं टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो! पण काकांच्या घरात वडिलांच्या हातमागाचा खड्डा अजून आहे. माग कधीच गेला, खड्ड्यावर फळी टाकलीय. वडी मडक्यात घालून काकांनी तिथं ठेवली.

* * *

गेल्या थंडीत काकांच्या छातीत दुखलं. ब्लॉकेज निघालं. आम्ही तिघं दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर दोन प्रकारच्या स्टेंट समजावून सांगत होते, एक साधी आणि एक भारी. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काका आयुष्यभर 'स्वस्तातलं बघ' म्हणत आलेला माणूस, त्यामुळे ते काय म्हणणार हे आम्हाला पाठ होतं.

काका उशीवरून जरा उठले. "डॉक्टर, ह्यातली पंधरा वर्षं टिकणारी कुठली?"

डॉक्टर हसले. "पंधराच का हो काका?"

"घरात चहा मुरायला ठेवलाय."