सराव संपल्याचं कुणी सांगितलं नाही

दिवाळीच्या आधी खिडक्या पुसायला घेतल्या की ओल्या फडक्याखालून खळीचा आंबूस वास येतो. फटींवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या मी केव्हाच खरवडून काढल्या, पण खळ लाकडात मुरून बसली आहे आणि पाणी लागलं की तिचा वास सुटतो. मी नाक मुरडत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त वेळ तीच चौकट घासत बसते, आणि घासता घासता माझे कान तापतात. माणूस लाजेने लाल होतं म्हणतात, ते मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

त्या पट्ट्या माझ्या सासऱ्यांनी लावल्या होत्या. सारा गाव त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणत असे. त्या का लावल्या हे कळायला मात्र आमच्या भागातलं असायला हवं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या आसपासची आमची गावं, त्यामुळे इथे अधूनमधून आणीबाणीचा सराव होतो. कर्णा लावलेली गाडी आळीआळीतून सांगत जाते: दारंखिडक्या लावून घ्या, फटी बुजवा, उघड्यावरचं पाणी पिऊ नका, सांगेपर्यंत बाहेर पडू नका. काही वेळाने तीच गाडी परत येते, सराव संपल्याचं सांगते, आणि अर्धवट राहिलेल्या गप्पा पुऱ्या करायला लोक पुन्हा ओट्यावर जमतात. बहुतेकांना ती फुकटची सुट्टी वाटते. दादांना तसं वाटत नसे. एका वर्षी त्यांच्या दंडावर स्वयंसेवकाची फीत बांधली गेली, आणि तेव्हापासून गाडी परत येईपर्यंत ते आपल्या म्हशीलाही गोठ्याबाहेर काढत नसत. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण कडी काढायचे नाहीत.

त्यामुळे करोना आला तेव्हा आमच्या घरात तयारीत असलेले दादा एकटेच होते. त्यांनी मैद्याची खळ शिजवायला लावली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या आणि आपल्या खोलीच्या खिडकीच्या सगळ्या फटी बुजवून टाकल्या. मी म्हणाले, "दादा, हवा खेळती ठेवा म्हणून सांगतायत." ते म्हणाले, "हवेतनंच येतो ना तो? मग हवा कशाला घेवाची?" आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीला जात होता, शेजारच्या आळीतून धडधाकट माणसं दवाखान्यात गेली ती परत आली नव्हती, आणि दादांना दम्याची खोड होती. ते आपणहून आत बसले, याबद्दल मी देवापुढे दिवा लावला होता. ती भीती खरी होती. तिची मला आजही लाज वाटत नाही.

दादांचं बाहेरचं जग म्हणजे काय होतं, तर आमची भाजीपाल्याची वाडी आणि समुद्रकाठचं दांडी गाव. सकाळ वाडीत जायची आणि ऊन कललं की पिशवीत वांगी, वालाच्या शेंगा, कधी केळफूल घालून ते पायी दांडीच्या किनाऱ्याला निघायचे. तिथे त्यांचा एक कोळी मित्र होता, दोघं एका वर्गात एकाच बाकावर बसून नापास झालेले. मित्र जाळ्याची फाटलेली घरं विणायचा आणि दादा शेजारी बसून, वाडीवाला माणूस असूनही, त्याला सुईत दोरा भरून द्यायचे. परत येताना पिशवीत वांग्यांच्या जागी बोंबील असायचे. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना काही विकलं नाही की काही उपकार म्हणून दिलं नाही. घरी आल्यावर दादांच्या सदऱ्याला माशांचा वास यायचा आणि माझ्या सासूबाई असेपर्यंत त्यावरून रोज एक लुटुपुटुचं भांडण व्हायचं.

टाळेबंदी सैल झाली तसा तो मित्रच आमच्या कुंपणापाशी येऊ लागला. तोंडाला रुमाल बांधून, फाटकाबाहेर उभा राहून म्हणायचा, "सूनबाय, सोड ना त्याला. मी लांबच बसन." मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग एके दिवशी म्हणाले, "डॉक्टरांनी बाहेर पाठवू नका म्हटलंय हो." डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. म्हातारा मान हलवून म्हणाला, "डाक्टर बोलला तं मंग बरोबर हाय." बोंबलांची पिशवी कुंपणाला अडकवून तो चालत परत गेला. पुढे त्याचंही येणं बंद झालं.

लशी झाल्या. शाळा उघडल्या, मी बोईसरच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले. लोकांच्या हनुवटीवर आलेले मास्क खिशात गेले, खिशातून हरवले. गावची जत्रा पुन्हा भरली. दादा मात्र आतच होते. मी शाळेतून आले की ते विचारायचे, "गाडी सांगून गेली काय?" आणि मी चपला काढता काढता म्हणायचे, "नाही अजून." पहिल्यांदा ती थट्टा होती. मग ती सवय झाली. सवयीत सोय शिरली ती कधी, हे मला नेमकं सांगता येणार नाही. म्हातारं माणूस घरात आहे म्हणजे कुलूप लावायला नको, गॅसवाला आला तर दार उघडणारं कुणीतरी आहे, संध्याकाळी कुठे धडपडले तर नसतील अशी धाकधूक नाही. वाडी आम्ही खंडाने दिली होती. दादा खुर्चीत बसलेले असायचे, शांत, स्वच्छ, सदऱ्याला कसलाच वास नसलेले. येणाजाणारे म्हणायचे, किती छान सांभाळलंय तुम्ही. मी ते ऐकून घ्यायचे, आणि मला ते आवडायचं. दादा गाडीचं विचारायचे थांबले, तेव्हा मला हायसं वाटलं.

मग दांडीहून मासळीवालीबरोबर निरोप आला. मित्राचं एक अंग लुळं पडलं होतं. "डोल्यांना दिसतंय तवर येऊन जा म्हनावं," एवढाच निरोप. दादांनी ऐकलं, उठले, पांढरा सदरा चढवला, टोपी घातली. मी रिक्षा बोलावते म्हणाले तर हातानेच नको म्हणाले. ओट्यापर्यंत ते भिंत धरून आले. ओट्याला दोनच पायऱ्या, त्याही बुटक्या. त्यांनी पाऊल पुढे केलं, आणि ते खाली टेकेना. पाय थरथरत राहिला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. आळीतली दोनचार माणसं बघत होती. दादा तिथेच खाली बसले, टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "पाय इसरले गो." दांडीपर्यंत रोज जाऊन येणारे पाय. त्यांना कुठला रोग झाला नव्हता. ते फक्त वापरले गेले नव्हते, आणि ते वापरले जाऊ नयेत अशी व्यवस्था मी केली होती.

शेवटी रिक्षातूनच गेलो. मित्राला त्याच्या नातवांनी धरून रिक्षापाशी आणलं, कारण दादांना उतरता येईना. मित्राचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते. तो म्हणाला, "येवढे दिस कुठं व्हतास रं?" मी रिक्षात शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता माझं नाव निघणार, आणि निघायलाच हवं. दादा म्हणाले, "मीच भ्यालो रे." मित्र एका बाजूने हसला. "पयल्यापासनं भित्रा हाय तू," असं म्हणून त्याने चांगला हात दादांच्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ओहोटी लागली होती, आणि किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे ते दोघं बघत बसले.

परतताना मी म्हणाले, "दादा, गाडी येणारच नव्हती. मी तुम्हाला सांगायला हवं होतं." ते बाहेर बघत होते. म्हणाले, "मला ठावं व्हतं गो. खिडकीतनं शाळेची पोरं दिसत, जत्रेचे ढोल ऐकले. मी आत असलो म्हंजे तुला बरं वाटायचं." स्वरात राग नव्हता, की मला टोचावं असा हेतूही नव्हता. चहात साखर कमी चालेल म्हणावं, इतक्या साधेपणाने ते बोलले आणि रिक्षावाल्याला खड्डा सांभाळायला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात मित्र गेला आणि त्याच्यामागून, थंडीत, दादाही गेले. मधल्या काळात मी त्यांना सकाळ-संध्याकाळ ओट्यावर चालवत असे. पाय थोडे परत आले, पण दांडीइतके कधीच आले नाहीत. काळ जखमा भरतो हे मी पाहिलं आहे, अगदी त्या रोगाच्याही. आता मास्क लावलेलं माणूस दिसलं तर मुलं वळून बघतात. माझ्याजवळ मात्र एक गोष्ट तशीच उरली आहे. त्या उरलेल्या महिन्यांत मी कितीदा तरी दादांची माफी मागायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले आणि पाणी हवंय का विचारून परत आले. मनाचा हिय्या करून एकदा मागितलीही. ते माझ्याकडे नवलाने बघत राहिले. कशाबद्दल, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. म्हातारपणी एवढंच वाट्याला येतं, असं त्यांनी केव्हाच धरून घेतलं होतं.