वसईवाल्या काकांची घंटा

बहिऱ्या माणसाइतकं ऐकू येणारं माणूस जगात दुसरं नाही, हे मी आमच्या समोरच्या वसईवाल्या काकांवरून शपथेवर सांगतो. दूधवाला कडी बडवून निघून जायचा, काकू घसा फाडून ओरडायच्या, काका ढिम्म! पण पंचवटीत नदीकाठच्या देवळावर टांगलेली फिरंगी घंटा त्यांना बरोबर ऐकू यायची, आणि तीही कुणी वाजवत नसताना. घंटा मूळची वसईच्या चर्चमधली. मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून किल्ला जिंकला, तेव्हा विजयाची खूण म्हणून ती हत्तीवरून नाशकात आणली म्हणे. काका हे असं सांगायचे, जणू स्वतः हत्तीमागून चालत आले होते. "फिरंग्यानं आमचा देव बदलला, आडनाव बदललं. मग तुम्ही आलात नि घंटा नेलीत. आम्हांला उरलं काय? केळी!"

रोज संध्याकाळी ते घंटेखालच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे. शेजारची भाजीवाली करवादायची, "ओ काका, सरका की! भिंत काय पळून जाती का?" काकांचं म्हणणं असं, की वसईचं माणूस गेलं की घंटा आतल्या आत हुंकारते. एकदा तो हुंकार पिठाच्या गिरणीचा निघाला आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढे दोनदा मात्र काकांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच वसईहून कुणीतरी गेल्याची तार आली. तेव्हापासून आमचं हसणं बंद झालं.

एकदा मला हळूच म्हणाले, "पोटासाठी तरुणपणीच इथं आलो रे. मी गेल्यावर हुंकारेल का ती? की म्हणेल, हा नाशिकचा झाला?" 

मग ऐन थंडीत एके संध्याकाळी काका घामाघूम होऊन आले. "आज फार वेळ हुंकारली." वसईला भावाला तार केली, कोण गेलं? उत्तर आलं, सगळे सुखरूप. "सुटलो गं बाई!" काकू म्हणाल्या. काका तार हातात धरून हसायलाच लागले. "अगं, वसईचं एक माणूस इथं आहे ना! ओळखलंन तिनं मला!" आणि वसईहून आलेली सुकवलेली केळी, घरातली सगळी सुकेळी त्यांनी चाळभर वाटली. माझ्या हातावर सुकेळं ठेवताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला ते खाववलं नाही.

त्याच रविवारी काका गेले.

अजूनही तिकडे गेलो की मी भिंतीला कान लावतो. काकांची फार आठवण येते. माझे कान चांगले शाबूत, त्यामुळे रिक्षांचा गोंगाट तेवढा ऐकू येतो. भाजीवाली आता सरका म्हणत नाही. गिऱ्हाईक थांबवून हलक्या आवाजात विचारते, "काय म्हणती?"

"काही नाही," मी म्हणतो. माझ्याशी घंटा कशाला बोलेल? मी पडलो नाशिकचा.