कुंभारणीच्या दुपारी

माधवनगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत, खिडकीला लागून माझं टेबल आहे. तिथं बसून मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, कधी एखाद्या शाळेची स्मरणिका. खिडकीबाहेर बंद पडलेल्या गिरणीची लांबलचक भिंत आहे. दुपारी त्या भिंतीवर आपटून परतलेलं ऊन खोलीत येतं, पिवळसर आणि मऊ. त्या उजेडात आपण जागे आहोत की डुलकी घेतोय हे आपलं आपल्यालाही नीट कळत नाही.

त्या उन्हाळ्यात नवरा, सासूबाई आणि मी असे तिघंही आटपाडीकडं सासूबाईंच्या माहेरी जाऊन राहिलो होतो. परत आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. पलीकडच्या गल्लीतल्या एका जैन कुटुंबातल्या मुलीची लग्नपत्रिका करायची होती. णमोकार मंत्र वर मधोमध बसवला, आजी-आजोबांची नावं टाकली आणि पडदा एकदम काळा झाला. पुन्हा सुरू केला. चहाला आधण येईपर्यंत चालला आणि पुन्हा बंद.

मला वाटलं व्होल्टेज कमी असेल. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, वायरी काढून घट्ट बसवल्या. तेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो कुठंतरी गाडीवर होता.

"विंडोज उडवून परत टाकावी लागंल मॅडम," तो म्हणाला. "आणून टाका दुकानात."

त्यानं मशीन पाहिलंही नव्हतं. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ त्या काळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिले. पडद्यात खिडकी दिसत होती, खिडकीत भिंत आणि भिंतीपुढं मी. विचित्र म्हणजे मला घाई वाटत नव्हती. कुठूनतरी बारीक गुणगुण येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. ती ऐकता ऐकता मी टेबलावरच डोकं टेकलं.

नवरा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. सुट्टीच्या दिवशी त्यानं पेचकस काढला आणि माझ्या कंपासमधला खोडरबर मागून घेतला.

"रॅम पुसून बघू. आमच्या ऑफिसातला असाच चालू केला होता."

त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला. आत धूळ होती, माझा एक लांब केसही होता. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या खोलीत त्या कधी फारशा येत नसत. कॉम्प्युटरला हात लागला तर काहीतरी पुसलं जाईल अशी त्यांना भीती होती. नवऱ्यानं त्यांच्या हातात बॅटरी दिली, "आई, हितं उजेड धर" म्हणाला आणि रॅमची पट्टी ओढून खोडरबरानं घासायला लागला.

उजेड हळूहळू रॅमवरून सरकला आणि मागच्या पंख्यावर जाऊन थांबला.

"आगं, ही बघ," सासूबाई म्हणाल्या. "कुंभारीण."

पंख्याच्या पात्यांवर आणि चौकटीवर मिळून मातीचं एक घर होतं. बोटाच्या पेराएवढ्या कोठड्या एकीला एक चिकटलेल्या, वरून सारवल्यासारख्या गुळगुळीत. पंखा जागच्या जागी जखडला होता. आम्ही गावी असताना खिडकीच्या फाटक्या जाळीतून ती आत आली असणार. आम्ही तिघं वाकून बघत होतो, तेवढ्यात ती माशीच आली. काळी, सुतासारख्या कमरेची, तोंडात ओल्या मातीची गोळी. आम्हाला न जुमानता मागच्या जाळीतून आत शिरली आणि गुणगुणत शेवटच्या कोठडीचं तोंड लिंपू लागली.

"म्हणून तापून बंद पडतोय," नवरा म्हणाला. "खरडून काढतो. दोन मिनिटांचं काम."

सासूबाईंनी बॅटरी विझवली.

"राहू दे. आत पिल्लं हायती."

नवऱ्यानं पेचकस टेबलावर ठेवला. कुंभारणीनं घरात घर केलं की पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत देवघराच्या चौकटीला असंच एक घर झालं होतं. तेव्हा सासूबाईंनी तिथं केरसुणीही लावू दिली नव्हती. पुढं ते आपोआप गळून पडलं. दवाखाने झाले, सांगलीचे, पुण्याचे. मग तेही थांबले. आता माझ्या कानांमागं पांढरे केस आलेत.

त्या काय बोलतील म्हणून मी पेचकसाकडं बघत राहिले. पण त्यांनी तो विषयच काढला नाही.

"तिचं घर हाय ते," एवढंच म्हणाल्या. "कष्टानं बांधलंय. उडून जातील तवा काढा."

नवऱ्यानं त्या पंख्याची वायर काढून ठेवली, म्हणजे तो हिसके देणार नाही. डबा उघडाच ठेवला, स्टुलावर टेबलफॅन आणून उघड्या बाजूकडं तोंड करून लावला. मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. पत्रिका त्याच दुपारी पुरी झाली.

नंतरच्या दुपारी मला अजूनही नीट वेगळ्या करता येत नाहीत. सगळ्या मिळून एकच दुपार होती असं वाटतं. टेबलफॅन घुमायचा, कागद फडफडायचे, भिंतीवरचं ऊन खोलीभर पसरायचं. कुंभारीण यायची बंद झाली होती. आत कोठड्यांमध्ये काय चाललं असेल याचा विचार करत मी कुणाकुणाच्या लेकरांच्या बारशाच्या पत्रिका जुळवत होते, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. सासूबाई "बघू तरी" म्हणून यायच्या आणि मग तिथंच चटईवर आडव्या व्हायच्या. अर्धवट झोपेत माहेरच्या गोष्टी सांगायच्या. लहानपणी वडलांबरोबर मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या पुढपर्यंत जायच्या, मलकापूरला कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायच्या. "तवा तिथं घरं न्हवती. नुसतं रान." बोलता बोलता घोरायला लागायच्या.

अशाच एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. एका कोठडीला भोक पडलं होतं आणि त्यातून डोकं बाहेर आलं होतं. मी कॉम्प्युटर आणि टेबलफॅन दोन्ही बंद केले. फार वेळ लागला. आधी पाय, मग ती बारीक कंबर, मग चुरगळलेले पंख. ती माझ्या कीबोर्डवर येऊन बसली, पंख झाडले आणि जाळीच्या भोकातून निघून गेली. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. पाळण्याची वाट बघणं त्यांनी कधीच सोडलंय, हे त्या हातातून मला समजलं.

सगळ्या कोठड्या रिकाम्या झाल्यावर नवऱ्यानं नवा पंखा बसवला, पत्रा लावला, खिडकीची जाळीही बदलली. कॉम्प्युटर आता बिनबोभाट चालतो. सासूबाईंची चटई मात्र त्या खोलीतच राहिली. परवा त्यांचा डोळा लागला असं वाटून मी टायपिंग थांबवलं, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "चालू दे गं तुझं. त्या टकटकीनं झोप बरी लागती."