नाटकातली पोर आणि घरातली पोर

चाळीसच्या दशकातली गोष्ट. खालापूरजवळच्या आमच्या गावात जत्रेला गावकरीच नाटक करत. बायांची कामंही पुरुषांकडे. त्या साली नायिका झाला माझा थोरला भाऊ. नाटकातल्या त्या पोरीचं मन एकावर, बाप न विचारता तिला म्हाताऱ्या जमीनदाराला देतो आणि ती विष पिते. दादा माझं लुगडं नेसून चुलीपुढे तालीम करी.

"रडताना नाक पुसायचं का नाय गं?"

"पुसायचं. पन पदरानं, मनगटानं नाय!"

जत्रेच्या रात्री दादा विष पिऊन पडला तेव्हा सगळं गाव रडलं. सगळ्यांत जास्त आमचा बा, पहिल्या रांगेत, उपरणं तोंडाला लावून.

दुसऱ्या सकाळी माझी सुपारी फुटायची होती. पंचांसमोर सुपारी फोडली की लग्न पक्कं, मग माघार नाही. मुलीला विचारायची रीत नव्हती. नवरा कर्जतचा भाताचा व्यापारी, बिजवर, वय अडतीस. मी सोळाची.

ओसरीवर पंच बसले, नवऱ्यासकट पाहुणे बसले. बानं अडकित्ता उचलला. मी चहाचं ताट खाली ठेवलं.

"बा, काल तू कोनासाठी रडलास?"

"गप ऱ्हा गं. नाटक येगळं, घर येगळं."

"ह्याच लुगड्यात काल दादा होता, आज मी हाय. त्याच्यासाठी रडलास, माझं काय?"

एक पंच म्हणाले, "लय बोलते रं तुझी पोर. नांदायची नाय."

"काका, डोळे तर तुमीपन पुसत होतात. मी अडतीसची होईन तवा हे साठ. हिशेब तुमीच करा."

दारात दादा उभा होता, गालांवरचा रंग अजून पुरता निघालेला नव्हता.

"बा, काल मी मरून बघितलं. चांगलं नाय वाटत रं."

अंगणात कुणीतरी फस्सकन हसलं. बा हसला नाही. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"फोडत नाय," एवढंच म्हणाला.

पाहुण्यांनी चहा संपवला आणि गाडी जुंपली. आई दिवसभर "आता तोंड कुठं दाखवू" म्हणत राहिली, पण रात्री पहिली गरम भाकरी माझ्या ताटात पडली.

दोन वर्षांनी पुन्हा पंच बसले. मुलगा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बानं सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, फोडू का?"

"फोड," मी म्हटलं, अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

माझ्यामागून तिन्ही चुलतबहिणींना विचारलं गेलं. त्यातली एक नाही म्हणाली.