पैकीच्या पैकी

लवचीक शरीर हे संस्कारी मनाचं लक्षण आहे, असं माझ्या भाचीच्या शाळेचे मुख्याध्यापक दर योगदिनाला सांगत. भाची आठवीत होती. अंगठा वाकवून ती मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवायची. शाळेला त्यात संस्कार दिसले. तिचा उजवा खांदा अधूनमधून जागेवरून सरकतो, हे फक्त घरात माहीत होतं.

यंदा पावसाळ्याआधी तो पुन्हा सरकला, तेव्हा दाजींनी चितेगावच्या कंपनीतून सुट्टी काढली आणि आम्ही तिला क्रांती चौकाजवळच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे वाकवून पाहिले, कोन मोजायची पट्टी लावली, शेवटी तिला ओणवं व्हायला सांगितलं.

"नऊपैकी नऊ."

दाजींचा चेहरा उजळला. "लहानपणापासून हुशारच हाय."

"अहो, हे मार्क नाहीत. जितके जास्त, तितके सांधे ढिले. ताणाचे व्यायाम बंद. कमान तर नाहीच."

दाजींनी मान डोलावली. पण शाळेत सांगताना त्यांनी सुरुवात नऊपैकी नऊपासून केली, आणि मुख्याध्यापकांना पुढचं ऐकायची सवय नव्हती.

योगदिनाला मी मुद्दाम गेलो. मुख्याध्यापकांना गाठून डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं.

"पाहुणे आलेत हो. एकच कमान," ते म्हणाले. "डॉक्टर लोक भीती घालतातच."

भाचीला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "नको मामा. सर मग वर्षभर बोलत राहतात."

माइकवरून घोषणा झाली, "आपल्या शाळेच्या कन्येला वैद्यकीय तपासणीत पैकीच्या पैकी गुण!" दाजींनीही टाळ्या वाजवल्या. बहीण मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली.

कमान अर्धी झाली आणि खांदा निखळला. भाची ओरडली नाही; हळूच आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. लोकांना ते शवासन वाटलं. टाळ्या आणखी जोरात पडल्या.

लगेच सत्कार. पाहुण्यांनी शाल पुढे केली. भाचीनं कशीबशी उठून डावा हात पुढे केला.

"उजव्या हातानं घ्यावं, बाळ," मुख्याध्यापक म्हणाले.

शेवटी दाजींनी घेतली. शहरातल्या दवाखान्यापर्यंत तिचा हात गळ्यात बांधायला तीच वापरली. शाल सिंथेटिक होती. गाठ सारखी सुटत होती.