बाच्या गळ्यात काकाचं कार्ड

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही, आणि लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असंही वाटत नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. वाडीतल्या बऱ्याच घरांचे रेशनचे, जातीच्या दाखल्याचे, गॅसचे फॉर्म मी भरले आहेत. कॉलेजात जाणारा घरातला पहिला म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्व होता. पुढचं सगळं त्या गर्वातून झालं. नीट मांडता आलं नाही तर सांभाळून घ्यावं.

आमची वाडी रोह्याच्या अलीकडे, नदीजवळ, डोंगराला लागून आहे. बा आणि आय तिथे राहतात. मी जोह्याला काकाकडे राहतो, कारण तिथून पेणचं कॉलेज जवळ पडतं. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. तो गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचं काम करतो.

बा बरीच वर्षं हायवेच्या कामावर होता. मी पाटी घेऊन शाळेत जायचो तेव्हापासून वडखळच्या अलीकडे-पलीकडे तो रस्ता होतोच आहे. तिथे कुणाला घाई नसायची. खडी आली तर काम, नाही आली तर झाडाखाली बसायचं. बा म्हणायचा, हे काम माझ्या नातवाला पण पुरंल. आम्ही हसायचो. उशिराची भीती वाटण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

मग बातमी आली की पनवेलच्या पलीकडे, शहरातल्या स्टेडियमात जागतिक क्रिकेट स्पर्धेचे सामने होणार. रेल्वे स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत लोकांना नेणारा एक पूल तिथे दोन पावसाळे रखडला होता. आधी खांब चिखलात बसेनात, मग विजेच्या तारा आड आल्या, मग कसली तरी परवानगी अडली. सामन्यांची तारीख मात्र हलणार नव्हती. म्हणून माणसं गोळा करायला मुकादम आमच्या वाडीवर आला. बाला सळया बांधायचं काम चांगलं येतं. त्याला जायचं होतं. पण साठीच्या पुढच्या माणसाला उंचीवर चढवायचं नाही असा त्या साइटचा नियम होता, आणि आधार कार्डावर बा पासष्ट वर्षांचा आहे.

बा खरा पन्नासच्या आसपासचा असेल. वाडीत कार्डं काढायला माणसं आली होती, तेव्हा मी लहान होतो. समाजमंदिरात पुरुषांची रांग लागली. वय विचारलं की काय सांगायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. रांगेत पहिला एक म्हातारा होता. तो म्हणाला, पन्नास. साहेबाने काही हरकत घेतली नाही, लिहून घेतलं. मागच्याला वाटलं, पन्नास म्हटलं की काम होतं. तोही पन्नास म्हणाला. त्याच्या मागचाही. असे आमच्या वाडीतले बहुतेक बाप्ये कागदावर एका वयाचे आहेत. काका त्या दिवशी वीटभट्टीवर होता, त्यामुळे सुटला. त्याने पुढे जोह्याला कार्ड काढलं, आणि त्याच्यावर त्याचं वय बरोबर आहे.

मुकादमाचा फॉर्म घेऊन बा जोह्याला माझ्याकडे आला. मी फॉर्म वाचला, वयाची अट वाचली, आणि मीच म्हणालो की काकाचं कार्ड लावू. दोघांचे चेहरे सारखे आहेत, कार्डावरचा फोटो तर कुणाचाही वाटावा असा. वडिलांचं नाव, आडनाव एकच. फक्त पहिला शब्द वेगळा. बा घुटमळला. काका जेवता जेवता म्हणाला, "भावाचा कोयता नेतोस तवा इचारतोस काय? मग कार्डाला कशाला इचारतोस?" आमच्यात भावाभावांचं जाळं, कोयता, चादर, सगळं असंच फिरतं. मी पेन काढलं आणि काकाचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. आठ दिवसांत काकाच्या नावाचा गेटपास बाच्या गळ्यात आला. आयला आम्ही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी बा फोन करायचा. सकाळी फोन गेटवर जमा करायला लागायचा, सुटल्यावर मिळायचा. पहिल्या महिन्यात तो मजेत होता. त्याला प्रश्न पडायचा की एवढ्या देशांची माणसं येणार, त्यांना स्टेशनवरून मैदानापर्यंत चालत यायला काय होतं. पुढे आवाज बदलला. गेटवर एक फळा लावला होता, त्यावर किती दिवस उरले तो आकडा रोज सकाळी वॉचमन बदलायचा. एका आठवड्याचं काम तीन दिवसांत मागायला लागले. एकदा बाहेरच्या देशातली पाहुणे मंडळी पाहायला आली, तर त्या दिवसापुरते सगळ्यांना उंचीवर कमरेला बांधायचे नवे पट्टे दिले आणि गाड्या गेल्यावर काढून घेतले. हे सांगताना बा हसला होता. मला हसू आलं नाही. मी त्याला परत ये म्हणालो. तो म्हणाला, "हायवेला कोण तारीख इचारत नाय रं. हितं तारीखच मुकादम हाय."

बाबरोबर गेलेले वाडीतले दोघे भातकापणीला परत आले. मुकादमाने सांगितलं होतं की जाणाऱ्याला परत घेणार नाही, म्हणून बा एकटा मागे राहिला.

ती बातमी आली तेव्हा मी इतिहासाच्या तासाला बसलो होतो. वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की पुलाच्या स्लॅबला खालून आधार देणारी सेंटरिंग खाली आली, माणसं अडकलीत. मी वर्गाबाहेर येऊन बाला फोन लावला. बंद. तो बंदच असणार हे माहीत असूनही लावत राहिलो. मुकादमाचा लागेना. कॉलेजच्या जिन्याखाली सायकली लावतात तिथे जाऊन उभा राहिलो, कारण मी कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

थोड्या वेळाने एका कागदाचा फोटो आला. नऊ नावं टाइप केलेली. सहांपुढे दवाखान्याचा वॉर्ड लिहिलेला. शेवटच्या तिघांपुढे काहीच नाही, कोरी जागा. त्या तिघांत काकाचं नाव होतं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तेवढ्यात आयचा फोन आला, शेजारणीच्या मोबाइलवरून. तिला धाप लागली होती, पण आवाज मोकळा होता. म्हणाली, "तुझ्या बाचं नाव नाय रं त्याच्यात. दोघा-तिघांनी वाचून बघितलं. तू कॉलेज टाकून येऊ नको." काकाचं नाव काकाचं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं. वाडीत त्याला सगळे घरच्या नावाने हाक मारतात, आणि आडनाव तर अर्ध्या वाडीचं एकच आहे. मी फक्त हां म्हणालो. आयुष्यात मी आयशी एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो, आणि ते एका अक्षरात बोललो.

मिनीडोर रिक्षाने जोह्याला गेलो. वाटेत हमरापूरच्या फाट्यावर गाडी भरेपर्यंत थांबली, तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी गुडघ्यांवर दप्तर धरून बसून राहिलो. कारखान्यात माघी गणपतीचं काम चाललं होतं. शेठने फोनवर ती यादी आधीच पाहिली होती आणि मोठ्याने वाचून दाखवली होती. मी दारात पोचलो तेव्हा सगळे काकाची चेष्टा करत होते.

"अरं, तू जखमी हायस आणि हितं साचं काय उचलतोस? जाऊन झोप दवाखान्यात."

"नुकसानभरपाई मिळाली की आमाला पण मटन घाल."

काका हसत नव्हता. हात पांढरे, तसाच कोरड्या मूर्तींच्या रांगेत उभा होता. मला पाहिल्यावर त्याने एकच विचारलं, "नाव शेवटी हाय का?" काकाला वाचता येत नाही. मी म्हणालो, "शेवटून दुसरं. पुढं काय लिवलं नाय." त्याने हात धोतराला पुसले आणि बाहेर आला. मागे चेष्टा थांबली होती. शेठला काय समजलं कोण जाणे, त्याने काही न विचारता मोटारसायकल काढली आणि काकाला हायवेवर सोडायला तयार झाला.

मला काकाबरोबर जायचं होतं. त्याने नाही म्हटलं. "तू वयनीकडं जा. ती एकटी हाय. तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडातून समजाया नको."

पेणहून मी रोह्याची गाडी धरली. गाडी बरीचशी रिकामी होती. कासू गेलं, नागोठणं गेलं. बाहेर कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या, आणि मी मनात काय काय करत होतो ते लिहायला लाज वाटते. बा गेला असेल तर तो काकाच्या नावाने गेला असेल. मग कागदावर काका मेला. बाचं प्रेत मागायला आम्ही कुठल्या तोंडाने जायचं? हा आमचा आहे असं सांगितलं तर कार्ड दाखवा म्हणतील. आणि मग कुणीतरी विचारेल, हा फॉर्म कुणी भरला. अक्षर ओळखतील. पोलीस कॉलेजात येतील, माझं नाव काढून टाकतील. बा ढिगाऱ्याखाली असताना मी माझ्या कॉलेजचा विचार केला. एकदा नाही, निडी स्टेशन जाईपर्यंत करत होतो. भीती माणसाला एवढं हलकं करते हे मला माहीत नव्हतं.

आय दुसऱ्याच्या शेतावर झोडणीला गेली होती. खळ्यावर चार बायका होत्या. यादीत नाव नाही म्हणून त्या तिला बोलण्यात गुंतवत होत्या, आणि तीही कसलं तरी उत्तर देऊन हसत होती. मला बांधावर पाहिलं तेव्हा तिची पेंढी हातातच राहिली. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. कार्डाचं, वयाचं, शेवटच्या तीन नावांचं.

ती म्हणाली, "भावाचं कार्ड घ्यायचं त्याला कोनी सुचवलं?"

"मी."

ती वळली. परत खळ्यावर गेली, पेंढी उचलली, लाकडावर दोनदा आपटली, आणि मग तिथेच पेंढ्यावर बसली. बायका विचारू लागल्या, काय झालं गो. तिने मान हलवली. नंतर माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली ओढलं आणि हळूच म्हणाली, "जे मला बोललास ते आता आनखी कुणाला बोलू नको." ती बासाठी घाबरली होतीच, आता माझ्यासाठीही घाबरली होती. ते मला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या वाडीत रेंज फक्त टाकीच्या कट्ट्यावर येते. आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो. फोन माझ्या हातात आणि तिचा हात माझ्या मनगटावर. वाडीतली माणसं येऊन विचारून जात होती, की नाव नाय ना, मग कशाला बसलायस. आय म्हणायची, हां, नाय. मुलं रिकाम्या शेतात टेनिस बॉलने खेळत होती. कुणी आउट झालं की आरडाओरडा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी आय दचकायची. ऊन डोंगरावर चढलं. एकदा फोन वाजला तर तो सिमकार्ड कंपनीचा होता. मी तो कापला आणि मला रडू आलं. आय म्हणाली, रडू नको, फोन भिजंल.

दिवस मावळायच्या आत काकाचा फोन आला. नंबर कुणा दुसऱ्याचा होता. मी स्पीकर लावला.

"वयनी हाय का जवळ? ऐका. जिता हाय."

आयने माझं मनगट सोडलं नाही. काका भराभर सांगत होता. उजवा पाय दोन जागी मोडलाय, बरगड्यांना मार आहे, ऑपरेशन उद्या. दवाखान्याच्या गेटवर त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, तर वॉचमन म्हणाला की या नावाचा माणूस आत झोपलाय. "मी बोललो, तो मीच. तर बोलतो, मग बाहेर कोण हाय?" त्यात त्याचा बराच वेळ गेला होता.

त्याचं संपताच मी विचारलं, "काका, पोलीस आलं होतं का?"

"आलं होतं. मी आत जायच्या आधीच येऊन गेलं. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं सोताचं खरं नाव सांगितलं. कार्ड कसं घेतलंस, इचारलं. बोलला, भावाच्या पेटीतनं न इचारता उचललं. फॉर्म भायेरच्या मानसाकडनं भरून घेतला." काकाचा आवाज खाली गेला. "तुझा पोरगा कॉलेजात हाय, त्याला ठावं होतं का, असं पन इचारलं त्यांनी. तर बोलला, त्याला ठावं असतं तर त्यानं मला असलं करू दिलं नसतं. तसं लिवून घेतलं, रं. आणि खाली अंगठा पन दिलान."