ज्याच्या नावावर, त्याची

आमच्या पार्किंगमध्ये चौदा नंबरला देशमानेवहिनींची मोटार उभी असते आणि पंधराला देशमान्यांची स्कूटर. वहिनींना मोटार चालवता येत नाही. देशमान्यांना पाठीमुळे स्कूटर झेपत नाही. नव्या संसारात त्यांनी हौसेने मोटार तिच्या नावावर घेतली आणि तिने आपल्या पगारातून स्कूटर त्यांच्या. दोन्ही वेळचे पेढे मी खाल्लेत. घटस्फोटात दोघांनी एकच हट्ट धरला, ज्याच्या नावावर, त्याची.

देशमाने आता शेजारच्या विंगमध्ये आईकडे राहतात. दोघेही रोज पायी बसस्टॉपवर जातात. अंतर चौदाशे पावलं आहे, मी मोजलंय. वहिनींचा गुडघा दुखतो. त्या वाटेत दोनदा थांबतात.

न राहवून मी म्हटलं, "वहिनी, अदलाबदल करून टाका की."

"भाऊजी, परवा ते भर उन्हात पाठ धरून चालले होते. मी गॅलरीतून पाहिलं. एवढं सुख त्या मोटारीनं कधी दिलं नव्हतं."

देशमान्यांनाही तेच सुचवलं. त्यांनी विचारलं, "लंगडते ना अजून?"

माणूस प्रेमात एखादी वस्तू दुसऱ्याच्या नावावर करतो, तेव्हा आपल्याला कुठे दुखेल हेही त्याला सांगून ठेवतो.

दसऱ्याला दोघे हार घेऊन खाली आले. सहाही टायर बसलेले होते. दोघांनी आपापल्या गाडीची मन लावून पूजा केली.

वरून बघता बघता माझी बायको म्हणाली, "अहो, आपली गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या," मी म्हणालो.

ती हसली नाही.